लुबनाच्या निकाहची हिरवळ

रविवार, २ फेब्रुवारी

उमरीच्या शाळेत मुलींकडून रोजनिशी लिहून घ्यायचे, स्वतः मात्र कधी एक ओळ लिहिली नाही. आज लिहावंसं वाटलं. घरात आम्ही दखनी बोलतो, पण इतकी वर्षं मराठी शिकवून हात मराठीलाच सरावलाय, म्हणून मराठीतच.

आज दोन गोष्टी ठरल्या. आमच्या लेकीचा, लुबनाचा निकाह वीस एप्रिलला, हॉलमध्ये नाही, आपल्याच अंगणात, लॉनवर. तिचा हट्ट. आणि दुसरी, लॉन आता माझ्या ताब्यात.

दुसरी गोष्ट भांडणातून ठरली. लुबनाच्या अब्बांना अख्खं नांदेड लालमहंमद मंडपवाले म्हणून ओळखतं. आयुष्यभर लोकांच्या लग्नांत हिरवी कार्पेटं अंथरली, म्हणून घर बांधताना म्हणाले, माझ्या दारात खरं गवत पाहिजे. ते लावलं, वाढवलं, आणि दिवाळीनंतरच्या लग्नसराईत शिडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, हाड छान जुळलंय, आता चाला. हे चालत नाहीत. पलंगावरून खिडकीतल्या खुर्चीवर, खुर्चीवरून पलंगावर, तेही वॉकर आणि माझा खांदा धरून. मुलानं, मोहसीननं, आणलेली काठी दाराआड तशीच उभी आहे. इकडं लॉन पिवळं पडलं. कडेला तर नुसती माती.

मोहसीन म्हणाला, "अब्बा, त्या दिवशी वरून कार्पेट टाकून देऊ. कोण बघतंय खाली?"

हे काहीच बोलले नाहीत. एरवी पोराला घराबाहेर काढलं असतं. त्यांचं ते गप्प बसणं मला सोसवलं नाही, म्हणून मीच बोलून बसले, "कार्पेट नको. गवत मी हिरवं करते."

"तू?" हे म्हणाले. "कुंडीतला पुदिना जगत नाही तुझ्याकडून."

मोहसीन गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "निकाहच्या दिवशी मी खोलीतूनच दुआ देईन. खुर्चीत बसवून लोकांसमोर मिरवू नका मला."

हे मी लुबनाला सांगितलेलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी पाइप धरते. तोंडावर अंगठा दाबला की काय सुंदर फवारा उडतो! मातीचा वास येतो, चिमण्या येतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतकी मजा आली नव्हती.

खिडकीतून हुकूम सुटतात. "तिकडं राहिलं." "भिंतीला कशाला पाजतीस, ती उगवणार नाही."

शेजारच्या सौदामिनीताई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्या कोर्टात नोकरीला होत्या, आता निवृत्त. म्हणाल्या, "फरीदाबाई, आमचा नळ दोन-दोन दिवस येत न्हाई, अन् तुम्ही गवताला पाणी पाजून राहिल्या!"

हसत म्हणाल्या, पण मला लागलं. बोअर आमचा असला तरी जमिनीखालचं पाणी काही आमच्या नावावर नाही. रात्री जेवण गोड लागलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लॉनवर बशीएवढे तपकिरी गोल उठलेत. रोज पाणी देऊनही गवत आजारी! रडकुंडीला येऊन लुबनाला फोन केला. ती लातूरला बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत आहे, तिला यातलं कळतं.

"अम्मी, किती वेळ पाणी देतीस?"

"रोज. दिवेलागणीपर्यंत."

"अगं, तू त्याला पाणी पाजत नाहीस, तोंड धुतीस त्याचं. अन् रात्रभर ओलं ठेवतीस, मग बुरशी येणारच. अब्बांचा पेचकस घे, जमिनीत खुपस अन् सांग किती आत जातो."

खुपसला. बोटाचं एक पेर आत गेला आणि अडला. वर चिखल, खाली वीट. इतके दिवस दिलेलं पाणी वरच्या वर उडून गेलं होतं!

तिनं सांगितलं ते असं. पाणी पहाटे द्यायचं. द्यायचं तेव्हा पोटभर द्यायचं, पेचकस मुठीपर्यंत जाईल असं. मग हात आखडायचा. मुळं पाण्याच्या शोधात खाली गेली पाहिजेत. तहान लागली की नाही ते गवतच सांगतं. त्यावरून चालायचं. पातं लगेच उभं राहिलं तर ठीक, पाऊल तसंच उमटून राहिलं तर पाणी द्यायचं.

"रोज चालायचं का त्यावर?" मी विचारलं.

"चालायलाच असतं ते, अम्मी."

हे कान देऊन ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पोरगी माझ्यावर गेलीय." मी म्हटलं, पेचकस तुमचा होता, बाकी सगळं माझं.

रविवार, १६ फेब्रुवारी

लुबनाच्या सांगण्यावरून मोहसीनकडून गोल फिरणारा फवारा मागवला. पाणी सगळीकडं सारखं पडतंय का ते बघायला लॉनभर भांडी ठेवायची म्हणाली. मी घरातल्या सगळ्या स्टीलच्या वाट्या मांडल्या. पाहुण्यांच्यासुद्धा.

खिडकीतून आवाज आला, "दावत कुणाची हाय? कावळ्यांची?" आणि हे हसले. मोठ्यानं, पोट धरून. पडल्यापासून पहिल्यांदा.

गेटजवळच्या वाट्या भरून वाहिल्या, पेरूच्या झाडापाशी तळही ओला झाला नव्हता. मला फवारा कुठं हलवावा ते कळेना. मग यांच्यातला मंडपवाला जागा झाला. "मंडप घालायचाय असं समज. खांब कुठं येतील ते धर. मधे एक जागा नको करू, चारी कोपऱ्यांना वेगवेगळं ठेव. हाव, तिथं. अजून भिंतीकडं. ती मागची वाटी रिकामी हाय बघ!"

मागची वाटी पेरूच्या बुंध्याआड होती. खुर्चीत बसून ती दिसते तरी कशी कोण जाणे. यांची नजर अजून तरुण आहे.

आमची माती काळी. पाणी लवकर पीत नाही, वरून वाहून गेटबाहेर जातं. म्हणून थोडं द्यायचं, बंद करून चहा करायचा, चहा पिऊन झाला की पुन्हा द्यायचं. ही रीत माझी मी शोधली. लुबना म्हणाली, पुस्तकात पण असंच आहे, फक्त चहा नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सौदामिनीताईंचं बोलणं डोक्यातून गेलं नव्हतं. आज नळवाल्याला बोलावून, नमाजाआधी हातपाय धुतो त्या वजूच्या नळाखालचं पाणी पाइपानं लॉनकडं वळवलं. साबण नाही, काही नाही, स्वच्छ पाणी गटारात जात होतं. पेरूकडचा कोपरा आता त्यावरच भागेल. बोअर तेवढा कमी चालेल.

सौदामिनीताई भिंतीवरून बघत होत्या. दुपारी हाक आली. त्यांच्या हातात बादली. "घ्या, आमच्या तांदळाचं अन् भाजीचं धुवण. उद्यापासून रोज ठेवते. मला पण लग्नाला हिरव्यावर बसायचंय."

बादली अशी जड होती! दोघी मिळून उतरवली, अर्धी साडीवर सांडली. खूप हसलो.

यांना म्हटलं, चला की बाहेर, कोंब बघा. म्हणाले, "इथून दिसतात." आणि तोंड फिरवलं. हट्टी माणूस.

सोमवार, ३ मार्च

रमजानचा दुसरा रोजा. यांना औषधांमुळं रोजे नाहीत, तरी पहाटे सहरीच्या जेवणाला उठून माझ्याबरोबर बसतात. फजरची नमाज पढून मी पुन्हा थोडी पडते. तेवढीच झोप.

आज पायरीजवळ लॉनमध्ये छिद्रं दिसली. बोटाएवढी गोल, ओळीनं, जराशा अंतरावर. उंदराची वाटत नाहीत. घूस असणार. लग्नाच्या तोंडावर घूस!

शुक्रवार, ७ मार्च

छिद्रं वाढतायत. पायरीपासून निघून आता लॉनच्या मध्यापर्यंत आली.

शिवाय आज पावलंही दिसली. गवत तहानेलं होतं, म्हणून उमटून राहिली. मोठं पाऊल. उजवं नीट, डावं जरा घासत गेलेलं. पेपरवाल्या भुजंगला गेटवर गाठून चांगलं झापलं, लॉनवरून कशाला जातोस म्हणून. तो म्हणतो, "मॅडम, मी तर सायकलवरूनच पेपर फेकतो." खोटं बोलतो मेला.

यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे ना. गरीब हाय." इतके दयाळू कधी झाले?

रविवार, ९ मार्च

पिंजरा आणला. काल इफ्तारच्या भज्यांतलं एक कांदाभजं अडकवून ठेवलं. सकाळी बघते तर भजं गायब, पिंजऱ्याचं दार उघडंच!

"हुशार घूस हाय," हे म्हणाले. "उद्या दोन ठेव."

दोन ठेवायचं ठरवलंय. आज यांनी नाश्ता निम्माच खाल्ला. भूक कमी झाली की काय, डॉक्टरांना विचारायला हवं.

शुक्रवार, १४ मार्च

होळीच्या सुटीला लुबना आली. तिला छिद्रं दाखवली. ती उकिडवी बसली, एका छिद्रात बोट घातलं, ओळ कुठून कुठं जाते ते बघितलं, मग खिडकीकडं बघितलं. हे पेपर वाचत होते. पोरगी एकदम हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी.

"काय झालं गं?"

"काही नाही. अम्मी, ही घूस पकडू नको. बघ, छिद्रांच्या बाजूचं गवत किती दाट झालंय. दाबलेली माती मोकळी झाली, पाणी खाली जाऊन राहिलं. लोक यासाठी माणूस लावतात, तुला घरबसल्या मिळाली." पिंजरा तिनं गच्चीवर नेऊन टाकला.

मग आत जाऊन अब्बांच्या गळ्यात पडली. लग्न ठरलेल्या मुलींचं असंच असतं. उगीच हसतात, उगीच रडतात.

शनिवार, २२ मार्च

मी किती बावळट आहे!

फजरनंतर आज झोप लागेना. पलंगावर बाजूला हात लागला तर जागा रिकामी. न्हाणीघरात दिवा नाही. मग पाण्याचा आवाज आला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं.

नुकतं फटफटत होतं. लॉनच्या पार पलीकडं, पेरूपाशी, हे उभे. एकटे. वॉकर नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाइप. काठी गवतात रोवायची, तिच्यावर भार द्यायचा, डावा पाय ओढून घ्यायचा, थांबायचं, त्या जागेला पाणी द्यायचं. मग काठी उपसून पुढं. वळताना त्यांचा तोल गेला. मी खिडकीचा गज धरला. त्यांनी पेरूची फांदी धरली, स्वतःशी काहीतरी पुटपुटले, बहुतेक शिवी, आणि पुन्हा काठी रोवली.

हाक ओठापर्यंत आली होती. मारली नाही. मारली असती तर उद्यापासून ते मला दाखवण्यासाठी चालले असते, नाहीतर चाललेच नसते. इथं त्यांना पडताना बघायला कुणी नव्हतं, म्हणून तर ते उठले होते. मला इतके दिवस हट्ट वाटत होता. ती भीती होती. एवढ्या उंच मंडपांवर चढलेल्या माणसाला जमिनीची भीती वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पटकन पलंगावर येऊन डोळे मिटले. पायपुसण्यावर पाय घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग शेजारी थंडगार पाय आले.

आठ वाजता खोलीतून आवाज, "फरीदा, वॉकर दे."

दिला. खांदाही दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. भुजंगची माफी मागायची आहे.

सोमवार, २४ मार्च

परवा गच्चीवरून पिंजरा परत आणला. "घूस अजून आहे वाटतं," असं यांना ऐकू जाईल असं म्हटलं, आणि दोन भजी आणि एक तळलेली मिरची ठेवली. काल सकाळी भजी गेलेली, मिरचीचं फक्त देठ.

आज सकाळी पिंजऱ्यात मोगऱ्याची दोन फुलं.

फुलं केसांत घालून त्यांच्यासमोरून चहा घेऊन गेले. पेपरमागून म्हणाले, "घूस पकडली का मग?"

"पकडायची नाही म्हणते लुबना. उपयोगाची आहे."

पेपर हलत होता.

सोमवार, ३१ मार्च

ईद. घरभर पाहुणे. शिरखुर्म्याच्या वाट्या घेऊन सगळे लॉनच्या कडेला उभे, कुणी पाय ठेवायला तयार नाही, इतकं हिरवं. हे खोलीतच बसून लोकांना भेटले. मी आग्रह केला नाही. त्यांचा दिवस त्यांनी ठरवावा.

शनिवार, १२ एप्रिल

बोअरनं दगा दिला. सकाळी मोटार लावली तर नुसती हवा. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. निकाह तोंडावर आणि लॉनचा रंग उतरायला लागला. पावलं उमटून राहतायत, आणि द्यायला पाणी नाही.

मोहसीन आला, पाहिलं, हळूच म्हणाला, "अम्मी, कार्पेट बाजूला काढून ठेवतो." टँकर मागवता आला असता, पण गल्लीत लोक पिण्याच्या पाण्यासाठी थांबलेले असताना गवतासाठी टँकर आणायला मन धजेना. इतकी मेहनत. वाईट वाटतं तर वाटतंच.

लुबनाला फोन केला. ती शांत. "अम्मी, मुळं आता खाली गेलीत. थोडं मलूल होईल, मरणार नाही. कापू नको, उंच राहू दे. स्वतःची सावली स्वतःला करेल. सकाळी पेचकस खुपस, खाली ओल असेल."

खुपसला. मुठीपर्यंत गेला. वर काढला तर टोकाला ओली माती! यांना नेऊन दाखवली. त्यांनी ती बोटांत चोळली, वास घेतला. म्हणाले, "धीर धर. पोरगी सांगते तर धर."

गुरुवार, १७ एप्रिल

सौदामिनीताईंनी गल्लीत काय सांगितलं माहीत नाही. सकाळी गेटपाशी बादल्यांची रांग. कुणाचं तांदळाचं धुवण, कुणाचं डाळीचं, कुणी भाजी धुतलेलं. एक बादली गुलाबी होती, बीट धुतलेलं. प्रत्येकीचं एकच म्हणणं, लुबना आमची पण आहे. यांनी खिडकीतून बघितलं आणि पाठ फिरवून बसले. डोळे पुसत होते, मला दिसलं.

ते पाणी सगळं मधल्या भागाला दिलं, जिथं काझीसाहेब बसणार. बाकीचं गवत त्याच्या मुळांवर सोडलं.

सोमवार, २१ एप्रिल

काल लिहायला फुरसत नव्हती. आज सगळं लिहिते.

लॉन काही बागेतल्या फोटोसारखं नव्हतं. कडेला थोडं पिवळं होतं. पण मधे, मंडपाच्या कापडाखाली, गार, दाट, घोट्यापर्यंत. मोहसीनची कार्पेटं टेम्पोतच राहिली.

यांना नवी शेरवानी घालून खोलीत बसवलं होतं. मोहसीननं खिडकी नीट उघडून ठेवली, अब्बांना तिथून दिसावं म्हणून.

उन्हं कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, उदगीरहून वऱ्हाड आलं. गेटपाशी गाड्या थांबल्या, नवरदेव अरीब उतरला, त्याचे वडील उतरले. मोहसीन त्यांच्या स्वागताला निघाला तोच घराचं दार उघडलं. हे बाहेर आले. हातात काठी.

बँडवाल्यांना काय कळलं कोण जाणे, वाजवायचे थांबले. मोहसीन "अब्बा" म्हणून धावला, सौदामिनीताईंनी त्याची बाही धरली. "येऊ द्या त्यांना," म्हणाल्या. हे पायरी उतरले. काठी, उजवा पाय, डावा पाय. काठी, उजवा, डावा. अख्खं लॉन ओलांडून गेटपर्यंत. अरीब पुढं वाकला, यांनी त्याला उठवून छातीशी धरलं. वर खिडकीत लुबना मेंदीचे हात तोंडावर धरून उभी होती.

आणि यांचं पहिलं वाक्य काय, तर व्याह्यांना म्हणाले, "जनाब, बूट काढून या. खरं गवत हाय."

व्याही आधी बघत राहिले. मग हसले आणि खाली बसून बूट काढायला लागले. त्यांचं बघून अरीबनं मोजड्या काढल्या. मग सगळ्यांनीच. गेटबाहेर चपलांचा ढीग आणि अख्खं वऱ्हाड अनवाणी! अरीबचे म्हातारे मामू तर गवतावर उभे राहून डोळे मिटून म्हणाले, "या अल्लाह, थंडक." पोरं लोळली. सौदामिनीताई साडी सावरून मांडी घालून बसल्या त्या उठल्याच नाहीत.

निकाह झाला. यांनी दुआ मागितली, खोलीतून नाही, काझीसाहेबांच्या शेजारी बसून.

उजेड असतानाच रुखसती, लेकीची पाठवणी. लुबना रडत होती, मी रडत होते, मोहसीन दुसरीकडं बघत होता. हे तिच्या डोक्यावर हात ठेवून तिच्याबरोबर गाडीपर्यंत चालत गेले. एक हात तिच्या डोक्यावर, दुसऱ्या हातात तिचा हात. मी मागून बघत होते, आणि एकदम लक्षात आलं. दोन्ही हात तर तिच्याकडं आहेत.

काठी मंडपाच्या मधोमध गवतात रोवलेली तशीच उभी होती.

गाडीचं दार लागलं, गाडी वळली, कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. तेव्हा यांनी काठीसाठी हात बाजूला नेला. हाताला काही लागलं नाही. खाली बघितलं, मागं बघितलं. आपण कुठून कसे आलो ते कळलं आणि जागच्या जागी खिळले.

"फरीदा," एवढंच म्हणाले.

मी जाऊन त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला. मोहसीनचे कामगार खुर्च्या गोळा करून राहिले होते. आम्ही गवतावरूनच घराकडं निघालो. मधे थांबलो, एकदा त्यांना दम लागला म्हणून, एकदा मला पुन्हा रडू आलं म्हणून, आणि एकदा उगीचच.